पिसवांसाठी थेंब, गोळी की पट्टा? कुत्र्याला एकदा फिट येऊन गेलीय आणि घरात मांजरही आहे

भुऱ्याचं घर

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर कोणी औषध सुचवावं असं मला वाटत नाही.

आमचा भुऱ्या पाच वर्षांचा, मिश्र जातीचा, वजन अंदाजे सतरा-अठरा किलो. गेले तीन आठवडे तो शेपटीच्या मुळाशी सारखा चावत असतो. रात्री दोन-अडीचला उठून खाजवायला लागतो. तेव्हा त्याचा मागचा पाय फरशीवर ठकठक आपटतो आणि त्या आवाजाने मला जाग येते. परवा उजेडात बसवून त्याचे केस उलटे फिरवले तर कातडीवर मिरपुडीसारखे काळे कण. आधी धूळच वाटली. पण ओल्या पांढऱ्या कापसावर ते कण ठेवले आणि मिनिटभरात त्यांच्याभोवती तांबूस कडं पसरलं. म्हणजे पिसवांची विष्ठाच, पचलेलं रक्त. बारीक फणीने विंचरलं तेव्हा तीन जिवंत पिसवाही निघाल्या.

औषध केलं नाही असं नाही. बारा दिवसांपूर्वी मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब आणले. आदल्या संध्याकाळी शाम्पू लावून स्वच्छ अंघोळ घातली, सकाळी थेंब सोडले. दोन दिवस बरं गेलं आणि मग पुन्हा तेच सुरू.

अडचणी अशा. एक, भुऱ्याला दीड वर्षाचा असताना एकदा फिट आली होती. कारण सापडलं नाही, पुन्हा कधी आली नाही, पण त्या पाच मिनिटांत मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. गोळ्यांबद्दल वाचताना फिटचा उल्लेख आला आणि मी थांबले. दोन, घरात मनी आहे, आमची मांजर. ती रोज भुऱ्याच्या पोटाशी वेटोळं करून झोपते आणि त्याची मान चाटते. तीन, भुऱ्याला पाण्याचं वेड आहे. डबकं दिसलं की तो त्यात.

एका ओळखीच्यांनी त्यांच्या कुत्र्याचे परमेथ्रिनचे थेंब देऊ केलेत, फार जोरदार आहेत म्हणाले. ते वापरू का? की आधीचेच थेंब पुन्हा सोडू? की भीती बाजूला ठेवून गोळी द्यावी?

फणीवाली

ताई, बाकी सगळं नंतर. आधी ते परमेथ्रिनचे थेंब परत करून या. भुऱ्याला चालतील, पण मनी त्याच्या कुशीत झोपते ना? मग ते तुमच्या घरात येताच कामा नयेत.

कुत्र्याचं शरीर परमेथ्रिन मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते काम नीट जमत नाही, त्यामुळे ते विष तिच्या अंगात साचत जातं. मांजराच्या अंगावर थेट टाकलं तर जिवावर बेततंच, पण कुत्र्याच्या ओल्या मानेवर तिने अंग घासलं किंवा ती मान चाटली तरी पुरे होतं.

हे मी आमच्या घरी बघितलंय. माझ्याकडून घाईत कुत्र्याची नळी मांजरीच्या मानेवर रिकामी झाली. दोन्ही खोकी शेजारी ठेवलेली, रंग जवळजवळ सारखा. संध्याकाळी तिचा एक कान फडफडायला लागला. मला वाटलं कानात काही गेलं असेल. मग ती पुढचा पंजा झटकायला लागली, ओलं काही चिकटल्यासारखा. तासाभरात पाठीवरची कातडी लहरींसारखी थरथरत होती आणि हात लावला तरी ती दचकत होती. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, भांडी घासायचा पातळ साबण लावून कोमट पाण्याने मान धुवा आणि तशीच घेऊन या. दोन दिवस सलाइन आणि झटके थांबवायची औषधं, तेव्हा वाचली. तेव्हापासून आमच्याकडे मांजराचं औषध एका कपाटात आणि कुत्र्याचं दुसऱ्या खोलीत असतं.

म्हणून कुत्र्याच्या कुठल्याही नव्या खोक्यावर मी सगळ्यात आधी घटकाचं नाव शोधते. नाव इमिडाक्लोप्रिडचं असलं तरी पुढे परमेथ्रिन जोडलेलं असू शकतं. नुसतं इमिडाक्लोप्रिड मांजरांसाठीही मिळतं, जोडीचं नाही चालत. एवढा एक शब्द वाचायला विसरू नका.

आणि मनीलाही औषध लागेलच. कुत्र्यावर सापडते ती पिसू बहुतेक वेळा मांजराचीच पिसू असते, तिला दोघं सारखेच. एकट्या भुऱ्यावर उपचार केलेत तर मनीच्या अंगावर तिचा संसार चालूच राहील.

डबक्यातला दोस्त

मी गोळीवाला. आमची लॅब्रेडॉर रोज पोहते, तिच्यावर थेंब टिकतच नव्हते. तीन वर्षं झाली, महिन्याला एक अफॉक्सोलेनरची गोळी, आणि पिसवा-गोचिडी दोन्ही गेल्या. भिजण्याचा प्रश्न नाही, मांजराने चाटण्याचा प्रश्न नाही. सॅरोलेनर आणि लोटिलेनर ही त्याच कुळातली औषधं महिन्याची, फ्लुरॅलेनर साधारण बारा आठवड्यांचं. लोटिलेनर आणि फ्लुरॅलेनर भरल्या पोटी द्या, नीट शोषली जातात. पिसूने चावा घेतला की औषध तिच्या पोटात जातं आणि ती मरते. म्हणजे चावा टळत नाही, हे मात्र लक्षात घ्या.

पण तुमच्या भुऱ्यासाठी मी गोळीचा आग्रह धरणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण कुळाबद्दल सूचना काढली होती की काही जनावरांमध्ये स्नायू थरथरणं, तोल जाणं, फिट येणं असे त्रास नोंदले गेलेत. औषधं बाजारातून काढली नाहीत, बहुसंख्य कुत्र्यांना ती सोसतात. पण ज्याला आधी फिट येऊन गेलीय त्याच्यासाठी ही सूचना दुर्लक्ष करण्यासारखी नाही. डॉक्टरांना त्या फिटची तारीख, ती किती वेळ टिकली, पुढे काय झालं, सगळं सांगा आणि मग ते काय म्हणतात ते ऐका. माझ्या कुत्रीला चालली म्हणून तुमच्याला चालेल असं मी म्हणू शकत नाही.

सायंफेरी

मी वर्षानुवर्षं सोडून दिलेली कुत्री काही काळ घरी सांभाळते, त्यामुळे पिसवा भरलेलं जनावर दर दोन-तीन महिन्यांनी उंबरठ्यावर असतं. तुमचं लिहिणं वाचून मला वाटलं की फिप्रोनिल फसलं म्हणून तुम्ही नवं औषध शोधताय. ते का फसलं हे आधी बघू या, नाहीतर पुढचंही तसंच फसेल.

अंघोळ हे पहिलं कारण. हे थेंब कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात आणि त्या तेलाच्या ग्रंथींमध्ये साठून राहतात. तुम्ही आदल्या संध्याकाळी शाम्पूने ते तेलच धुऊन काढलंत. सोडण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. नंतरच्या दोन दिवसांत भुऱ्या डबक्यात गेला होता का, तेही आठवून बघा.

दुसरं, वजन. "सतरा-अठरा किलो अंदाजे" असं लिहिलंयत. खरंच काट्यावर केलंय का? ही औषधं वजनाच्या टप्प्यांवर बनतात आणि टप्प्याच्या कडेला असलेल्या कुत्र्यांचीच सगळ्यात जास्त गफलत होते. कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा, वजाबाकी करा. पाच मिनिटांचं काम आहे. डोस कमी पडला तर पिसवा मरत नाहीत, आणि जास्त पडू नये म्हणून मोठ्या कुत्र्याची नळी दोघांत वाटायची नाही. मनीसाठी तर कुत्र्याच्या नळीतला एक थेंबही काढू नका.

तिसरं कारण घर, आणि याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण हजारदा सांगूनही लोक इथेच चुकतात.

तुम्हाला कुत्र्यावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, म्हणजे सगळ्या पिसवांमधला अंदाजे विसावा भाग. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश घरात असतात. मादी रक्त प्यायली की दोनेक दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी गुळगुळीत असतात, केसाला चिकटत नाहीत. कुत्रा अंग झटकतो तिथे ती मिठासारखी पडतात. म्हणजे भुऱ्या जिथे झोपतो, जिथून उडी मारतो, जिथे बसून दाराकडे बघतो, तिथे तिथे. त्यातून अळ्या निघतात, त्या उजेडापासून पळतात आणि खाली शिरतात, गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत. खातात काय? वरून पडणारी तीच काळी विष्ठा. तुम्ही कापसावर जे कण विरघळवले ते त्यांचं जेवण.

मग कोश. एकदा एका कुत्रीचं अंथरूण मी भिंगाखाली धरलं होतं. त्यावर बारीक, राखाडी, धुळीचा गोळा वाटेल असं काहीतरी चिकटलेलं. नखाने ओढलं तर सुटेना, चिकट धाग्यात आजूबाजूचे केस आणि माती गुंडाळून बसलेलं. घरात फवारायची बहुतेक औषधं त्या कोशाच्या आत पोहोचत नाहीत. आतली पिसू तयार असली तरी बाहेर येत नाही, वाट बघते. कोणाचं तरी पाऊल पडलं, ऊब आली, श्वासाची हवा आली की क्षणात बाहेर. अनुकूल हवा असेल तर अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात, नसेल तर कोशात ती कित्येक महिने थांबू शकते. म्हणून बंद पडलेल्या घरात पाऊल ठेवताच पायांवर पिसवा चढतात.

म्हणजे उद्या भुऱ्याला जगातलं उत्तम औषध दिलंत तरी पुढचे काही आठवडे नव्या पिसवा त्याच्यावर उड्या मारणारच. त्या दिसल्या की लोक औषध बदलतात. तसं करू नका. उडी मारलेली पिसू अंडी घालायच्या आत मरतेय ना, एवढंच बघायचं. सलग तीन महिने एकही डोस न चुकवता, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरावर. आज भुऱ्या, आठवड्याने मनी, असं नाही, दोघं एकाच दिवशी.

घरात काय करायचं ते साधं आहे. व्हॅक्यूम असेल तर पहिले दोन आठवडे रोज, सोफ्याच्या गाद्या उचलून खालून, भिंतीच्या कडेकडेने. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा जाग्या होतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. पिशवी लगेच बांधून घराबाहेर. अंथरूण आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या पाण्यात. अंथरूण गुंडाळून उचला, झटकू नका, नाहीतर अंडी खोलीभर उडतील. गाडीतली सीट लोक विसरतात.

पट्ट्याबद्दल विचारलं होतंत. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनचा जो पट्टा असतो तो सात-आठ महिने चालतो आणि काम करतो. पण सारखं भिजलं की मुदत घटते, आणि मनी त्याची मान चाटते म्हणताय. मी तुमच्या जागी असते तर नसता घातला. नुसता वास येणारा स्वस्तातला पट्टा तर कोणाच्याच गळ्यात नको.

निटेनपायरम नावाची एक गोळी असते, अर्ध्या तासात पिसवा मरायला लागतात, पण असर दिवसभरच. खूप भरलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी सुटका म्हणून डॉक्टर देतात. प्रतिबंध म्हणून तिचा उपयोग नाही.

घरगुती उपायांचं कोणी सांगेलच. टी ट्री तेल लावू नका, कुत्र्यांना आणि मांजरांना त्याची विषबाधा होते. लसूण खायला घालू नका, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फणी आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा मात्र खुशाल वापरा. पिसू फणीत अडकली की थेट वाडग्यात बुडवायची. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते.

भुऱ्याच्या शेपटीपाशी केस गेलेत का? कातडी लाल, ओली दिसतेय का? काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना एखाद-दोन चावे झाले तरी खाज आठवडाभर थांबत नाही. तसं असेल तर खाजेचं औषध वेगळं लागेल. आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमीचा तुकडा. अंग चावताना पिसू गिळली गेली की तो पोटात जातो. जंताचं औषध विचारून घ्या.

भुऱ्याचं घर

सायंफेरीताई, फणीवालीताई, दादा, तुम्हा सगळ्यांचं वाचून मी लगेच उठले. परमेथ्रिनची नळी परत दिली, आणि मनीबद्दलही सांगितलं. त्यांच्याकडे मांजर नाही, त्यामुळे त्यांना माहीतच नव्हतं.

मग काटा काढला. मी आणि भुऱ्या मिळून ७९.८. मी एकटी ५८.४. भुऱ्या २१.४ किलो! आणलेलं खोकं पाहिलं तर १० ते २० किलोचं. म्हणजे अंघोळ चुकलीच होती, वर डोसही कमी पडला. मागच्या वर्षी वजन केलं होतं तोच आकडा डोक्यात धरून बसले होते. खूप वाईट वाटलं, तीन आठवडे तो उगाच चावे सोसत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. फिटचं सगळं सांगितलं. त्यांनी गोळी सध्या नको म्हणून सांगितलं. सेलामेक्टिन सुचवलं, दर महिन्याला मानेवर. ते कातडीतून रक्तात शोषलं जातं, म्हणून सुकल्यावर दोनेक तासांनी अंघोळ घातली किंवा तो भिजला तरी असर जात नाही. मोठ्या पिसवा मरतात आणि अंडी उबत नाहीत. मांजरांसाठीही तेच औषध असतं, मनीला तिच्या वजनाचं वेगळं दिलं. सुकेपर्यंत दोघांना दोन खोल्यांत ठेवलं, मनी दारामागे रडत होती. गोचिडींवर मात्र याचा भरवसा नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यासाठी रोज फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा हाताने तपासायच्या. शेपटीपाशी केस विरळ झालेत, ॲलर्जीच आहे. खाजेचं औषध दहा दिवस दिलंय आणि जंताची गोळीही दोघांना.

एकच शंका. गालिचा टाकून देऊ का?

सायंफेरी

टाकू नका. दोन आठवडे व्हॅक्यूम करून मग गुंडाळून ठेवा आणि उन्हात घाला. तो तिथे असताना निदान पिसवा तुम्हाला ठाऊक असलेल्या जागी आहेत. दर रविवारी फणीने पन्नास फेरे मारा आणि किती सापडल्या ते लिहून ठेवा. नुसतं "अजून आहेत" म्हणून मन खचतं, आकडा लिहिला की तो उतरताना दिसतो.

नवं पिल्लू

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे कालच सात आठवड्यांचं पिल्लू आलंय, दीड किलोचं. त्याच्यावरही पिसवा आहेत. मोठ्या कुत्र्याचे थेंब थोडे कमी करून चालतील का?

फणीवाली

नाही. कमी करून अजिबात नाही. फिप्रोनिलचे थेंब आठ आठवड्यांपुढे, बऱ्याच गोळ्या आठ आठवडे आणि दोन किलोंपुढे, काही तर सहा महिन्यांपुढे. सेलामेक्टिन सहा आठवड्यांपासून चालतं, पण एवढ्याशा पिल्लाला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काहीच नको. हिरड्या बघा. फिक्या, पांढरट दिसत असतील तर उद्याची वाट बघू नका. पिसवांनी रक्त प्यायल्याने एवढं लहान पिल्लू दगावू शकतं. तोवर कोमट पाण्यात अंघोळ, पुसून कोरडं करून ऊब, आणि फणी.

नवं पिल्लू

हिरड्या फिक्या वाटतायत. निघतोय.

भुऱ्याचं घर

नऊ आठवडे झाले, सांगते. रविवारची फणी: पहिल्या आठवड्यात ११, दुसऱ्यात १४ (तेव्हा फार घाबरले, पण ताईंचं कोशाबद्दलचं आठवून औषध बदललं नाही), मग ९, ६, ६, २, १, ०, ०. मनीच्या अंगावर पाचव्या आठवड्यानंतर काही सापडलं नाही. शेपटीपाशी नवे केस आलेत, आधीपेक्षा गडद रंगाचे. रात्री मी स्वतःहून उठून बघते, तो झोपलेला असतो.

तिसरा डोस गुरुवारी. त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करणार आहे. नवं पिल्लूवाले दादा, पिल्लू कसं आहे ते कळवा, त्या दिवसापासून रोज हे पान उघडून बघतेय.

नवं पिल्लू

ताई, वाचलं. रक्त चढवावं लागलं, चार दिवस ठेवून घेतलं होतं. आता साडेतीन किलो आहे आणि माझ्या चपलेवर झोपलंय. कळवायला उशीर झाला, माफ करा. फणी विकत घेतलीय, रविवारचे आकडे मीही लिहितोय.